हिशेब जुळेपर्यंत

कोलकात्यास बदली झाली, तेव्हा फोर्ट विल्यमविषयी शालेय इतिहासात वाचले होते तेवढेच गाठीशी होते. त्याच किल्ल्याजवळ, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, हाती नकाशा घेऊन आपण धावू, असे कधी वाटले नव्हते.

प्लासीच्या १७५७ च्या लढाईनंतर इंग्रजांनी हा अष्टकोनी किल्ला बांधावयास घेतला आणि १७८१ मध्ये तो पूर्ण झाला. तोफांच्या माऱ्यात अडथळा नको म्हणून भोवतालचे रान साफ केले गेले. तेच आजचे विस्तीर्ण ‘मैदान’. लष्कराच्या पूर्व विभागाचे मुख्यालय असलेल्या या किल्ल्याला २०२४ च्या अखेरीस आपल्या कोकणातील ‘विजयदुर्गा’चे नाव देण्यात आले. मराठी मनाला त्याचे अप्रूप वाटणारच!

हिवाळ्यातील एका रविवारी तरुण सहकाऱ्यांनी मैदानावर ‘स्प्रिंट ओरिएंटियरिंग’ची घरगुती शर्यत योजिली. स्वीडन-नॉर्वेच्या सैनिकी शिक्षणातून आलेला हा खेळ. नकाशा आणि होकायंत्र यांच्या साहाय्याने ठरावीक खुणा क्रमाने गाठावयाच्या. प्रत्येक ठिकाणी पांढरे-केशरी निशाण. तेथील चिमट्याने आपल्या कार्डावर छिद्र पाडावयाचे. वाट मात्र ज्याने त्याने निवडावयाची. स्प्रिंट हा त्यातील सर्वांत वेगवान प्रकार; २००१ पासून जागतिक स्पर्धेतही त्याचा समावेश आहे. निष्णात धावपटू ही शर्यत साधारण बारा ते पंधरा मिनिटांत संपवितात. आमच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे चाळीस मीटर होते आणि पश्चिमेकडील किल्ल्याचा भाग प्रवेशनिषिद्ध म्हणून शेवाळी रंगाने दाखविला होता.

पहिली पाच निशाणे सहज सापडली आणि तेथेच फाजील आत्मविश्वास आला. ‘किल्ला डाव्या हाताला, म्हणजे आपण उत्तरेकडे’ असे गृहीत धरून, पुढे धावणाऱ्या एका तरुणामागे मी निघालो. अष्टकोनी किल्ल्याची कड वळते, हे ध्यानातच आले नाही. शिवाय त्या तरुणाच्या खुणा वेगळ्या होत्या! समोर निशाण दिसले. पण ते सातवे होते. सहावे केव्हाच मागे राहिले होते.

क्षणभर मोह झाला. कोण पाहणार आहे? पण एक जरी खूण राहिली, तरी धाव बाद, असा नियम. सायंकाळी रोकड जुळली नाही, तर आपण घरी जातो का? मी थांबलो, श्वास आवरला, होकायंत्राच्या काट्याशी नकाशा जुळविला आणि मागे फिरलो. सर्व जण पुढे धावत असताना एकट्याने उलट जाणे, हे त्या सकाळचे सर्वांत अवघड काम होते.

एकतीस मिनिटे लागली. क्रमांक शेवटून दुसरा. पण कार्डावर एकही छिद्र कमी नव्हते.

वाचकहो, वेगाचे कौतुक जरूर करावे. परंतु दुसऱ्याच्या पाठीमागे धावताना आपला नकाशा एकदा उघडून पाहावा आणि चूक उमगताच मागे फिरण्यास लाजू नये, एवढे शहाणपण त्या एकतीस मिनिटांनी मला निश्चित दिले.