रोपे का कोलमडतात?

सिल्लोड-कन्नड भागातील शेडनेटखालचे मिरचीचे प्रोट्रे असोत, शेताच्या कडेला केलेले गादीवाफे असोत किंवा छत्रपती संभाजीनगर शहरातील एखाद्या सदनिकेच्या खिडकीत टोमॅटोचे बी टाकलेली कुंडी असो, दोन पानांवर आलेली रोपे एका रात्रीत आडवी पडण्याचा प्रकार सर्वत्र सारखाच दिसतो. शेतकरी या रोगाला रोपे कोलमडणे किंवा मर असे म्हणतात. आडवे पडलेले रोप हलकेच उचलून पाहिले, तर मातीलगतचा खोडाचा भाग पाणचट, तपकिरी आणि दोऱ्यासारखा बारीक झालेला आढळतो, वरची पाने मात्र अजून हिरवीच असतात. याच रोगाचे दुसरे रूप त्याहून फसवे आहे, कारण त्यात बी जमिनीतच कुजते आणि दोष रोगाला न देता बियाण्याला दिला जातो.

या रोगामागे रायझोक्टोनिया, फ्युजेरियम, फायटोप्थोरा असे अनेक सूक्ष्मजीव असले, तरी भाजीपाल्याच्या रोपवाटिकेत सर्वाधिक हानी करणाऱ्यांमध्ये पिथियमचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. बिहारमधील पुसा येथील संशोधन संस्थेत काम करणारे ई. जे. बटलर यांनी 1907 साली या प्रजातीवर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि भारतीय वनस्पतिरोगशास्त्राच्या पायाभरणीत त्या कामाला मोठे स्थान आहे. पिथियम दिसायला बुरशीसारखा तंतुमय असला, तरी तो खरी बुरशी नव्हे. खऱ्या बुरशीची पेशीभित्तिका प्रामुख्याने कायटिनची, तर पिथियमची सेल्युलोज व ग्लुकन यांची असते आणि वंशदृष्ट्या तो तपकिरी शैवालांना अधिक जवळचा आहे. त्याचे चलबीजाणू, म्हणजे शेपटीसारख्या दोन कशाभिकांच्या साहाय्याने हालचाल करणारे बीजाणू, मातीच्या कणांमधील पाण्याच्या पातळ थरातून पोहत कोवळ्या मुळापर्यंत पोहोचतात. मातीत पाणी साचून राहिले नाही, तर या बीजाणूंचा प्रवासच थांबतो, आणि म्हणून मर रोगाचे नियंत्रण औषधाच्या पुडीपेक्षा झारीपासून सुरू होते.

घरात रोपे तयार करताना नेमकी येथेच गफलत होते. बी उगवेपर्यंत ट्रे प्लास्टिकने झाकणे योग्य असले, तरी पहिले कोंब दिसताच ते आवरण काढावे लागते. पाणी सकाळी द्यावे, म्हणजे संध्याकाळपर्यंत वरचा थर सुकतो. बी दाट पेरू नये आणि पंख्याचा मंद वारा रोपांवरून फिरू द्यावा. शहरात नळाचे पाणी काही दिवसांच्या अंतराने येत असल्यामुळे ते पिंपात साठवून वापरले जाते, परंतु उघड्या पिंपाच्या तळाचा गाळ पिथियमला मानवतो, त्यामुळे झाकलेले आणि वरचे स्वच्छ पाणीच रोपांना द्यावे. जुने ट्रे पुन्हा वापरण्यापूर्वी धुऊन निर्जंतुक करणे हेही तितकेच आवश्यक आहे.

कोकोपीटच्या पृष्ठभागावर दिसणारी पांढरी, कापसासारखी बुरशी बहुतेक वेळा मृत सेंद्रिय पदार्थावर जगणारी असते आणि ती रोपाला थेट इजा करीत नाही. ती खरवडून काढावी, पाणी कमी करावे, एवढे पुरते. मात्र तिचे दिसणे म्हणजे ओलावा प्रमाणाबाहेर गेल्याची सूचना आहे, हे दुर्लक्षून चालत नाही.

गादीवाफ्यांसाठी मराठवाड्याचा कडक उन्हाळाच उपयोगी पडतो. ओलवलेल्या मातीवर एप्रिल-मे महिन्यांत पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे घट्ट अंथरले, तर वरच्या थराचे तापमान इतके वाढते की अनेक रोगकारक नष्ट होतात. इस्रायलमध्ये काटान आणि सहकाऱ्यांनी 1976 साली मांडलेली ही पद्धत मृदा सौर निर्जंतुकीकरण म्हणून ओळखली जाते. येथील कोरडवाहू शेतकऱ्याला ती फारशा खर्चाविना साधण्यासारखी असूनही तिचा वापर व्हावा तितका होत नाही, ही खेदाची बाब आहे.

बीजप्रक्रियेसाठी ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी वापरली जाते. ती रोगकारकाच्या तंतूंभोवती वेटोळे घालून त्यांची भित्तिका विरघळवते आणि मुळाभोवतीची जागा आधीच व्यापते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे बायोमिक्स हे उपयुक्त सूक्ष्मजीवांचे मिश्रण या भागात परिचित आहे. रासायनिक औषधांच्या बाबतीत मात्र सर्रास होणारी चूक अशी, की कोणत्याही मरीवर कार्बेन्डाझिम ओतले जाते. हे औषध रायझोक्टोनियावर चालते, पण पिथियमवर त्याचा परिणाम होत नाही. तेथे मेटॅलॅक्सिलयुक्त औषध किंवा प्रतिलिटर अडीच ते तीन ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइडची आळवणी, म्हणजे मुळाशी द्रावण ओतणे, उपयोगी ठरते. ही औषधे ट्रायकोडर्मासोबत मिसळू नयेत. दालचिनीच्या पुडीचा घरगुती उपाय सुचवला जातो. तिच्यातील सिनॅमाल्डिहाइड प्रयोगशाळेत बुरशीची वाढ रोखते, तरीही खोड बारीक झालेले रोप तिने वाचत नाही.

असे रोप कशानेच वाचत नाही. ते भोवतीच्या मातीसह उचलून नष्ट करावे, पाणी तोडावे आणि उरलेल्या रोपांना आळवणी करावी. त्याच ट्रेमधील निरोगी दिसणारी रोपे शेतात नेण्यापूर्वी त्यांची मुळे पाहावीत आणि तपकिरी मुळांची रोपे बाजूला टाकावीत, कारण पिथियमचे जाड कवचाचे बीजाणू मातीत अनेक वर्षे टिकतात आणि खुलताबाद-कन्नड पट्ट्यातील आल्याची कंदकूजही याच प्रजातीमुळे होते.