लाल डोळ्यांचा फोटो

आमच्या आजीचा शेवटचा चांगला फोटो नाताळच्या रात्रीचा आहे. मध्यरात्रीची मिस्सा संपली, गव्हाणीपाशी सगळे उभे राहिले आणि मामानं जुन्या डिजिटल कॅमेऱ्यानं फोटो काढला. आजी छान हसलीय, पण डोळे लालभडक. ती गेल्यावर फ्रेमसाठी तो फोटो एका स्टुडिओत दिला, तर त्यांनी दोन्ही बाहुल्यांवर काळे ठिपके मारून दिले. आई म्हणाली, "ही माझी आई वाटतच नाही." म्हणून मग मीच हे प्रकरण समजून घ्यायला बसलो.

यात कॅमेरा खराब नसतो आणि डोळाही. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते. फ्लॅश इतका झटकन पडतो की तिला आकसायला वेळच मिळत नाही. उजेड थेट डोळ्याच्या मागच्या पडद्यापर्यंत जातो, तिथल्या रक्तवाहिन्यांच्या थरावरून लाल होऊन परततो, आणि परततो तो जवळपास आलेल्याच वाटेनं. त्या वाटेवर लेन्स असली की डोळा लाल दिसणार. 1851 मध्ये हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं डोळ्याच्या आत बघायचं यंत्र केलं, ते याच तत्त्वावर. डॉक्टर जे मुद्दाम करतात, ते आपल्याकडून चुकून होतं, एवढंच!

म्हणजे खरा प्रश्न फ्लॅश आणि लेन्स यांच्यातल्या अंतराचा. ते 5 सेंटिमीटर धरलं, तर 1 मीटरवरून दोघांमधला कोन जवळजवळ 3 अंशांचा होतो आणि 3 मीटरवरून 1 अंशाहूनही कमी. कोन लहान, तितका डोळा लाल. म्हणून लांबून झूम करून काढलेले ग्रुप फोटो जास्त बिघडतात. आपल्या बुऱ्हाणपुरात कुंडी भंडाऱ्यात लिफ्टनं खाली उतरलात की हे करून बघा. वर कडक ऊन, खाली अंधार. पाच-दहा मिनिटं थांबून फ्लॅश मारला तर अख्खी मित्रमंडळी भुतासारखी येईल.

टाळायचं कसं? शक्य असेल तर फ्लॅश बंद करा आणि दिवे लावा. उजेडानं बाहुली आपोआप लहान होते. जवळ जा. लेन्सकडे रोखून न बघता जरा बाजूला बघायला सांगा. वेगळा फ्लॅश असेल तर तो छताकडे वळवा. घरात हे जमतं, चर्चच्या उंच छताखाली नाही. कॅमेऱ्यातली 'रेड आय'ची सोय आधी उजेड टाकून बाहुली आकसवते, मग फोटो काढते. पण पहिल्या उजेडालाच "झाला, झाला" म्हणत लोक हलतात, तेव्हा आधीच सांगून ठेवा.

लहान मुलांच्या फोटोत मात्र काही पुसण्याआधी नीट बघा. एक डोळा लाल आणि दुसऱ्यात पांढरी किंवा पिवळसर चमक, असं दिसलं आणि पुन्हा पुन्हा दिसलं, तर मुलाला लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. मूल बाजूला बघत असेल तरी कधी अशी चमक येते, पण ती मोतीबिंदूची किंवा रेटिनोब्लास्टोमा या डोळ्याच्या कॅन्सरचीही खूण असू शकते. हा कॅन्सर बहुतेक पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो, आणि लवकर सापडला तर बहुधा बरा होतो. म्हणून मूळ फोटो कधीच डिलीट करू नका.

आता दुरुस्ती. फोटोची कॉपी करा. 'गिंप' हा मोफत प्रोग्राम चालतो. फक्त बाहुली निवडा, कडा थोडी मऊ ठेवा, तिथला लाल रंग काढा आणि मग तो भाग हळूहळू गडद करा. पूर्ण काळा नको. बाहुलीवर फ्लॅशचा जो बारीक पांढरा ठिपका असतो, त्याला हात लावू नका. डोळा जिवंत दिसतो तो त्याच्यामुळे. स्टुडिओवाल्यांनी नेमका तोच बुजवला होता. आपोआप दुरुस्ती करणाऱ्या ॲपवर डोळे झाकून विसंबू नका, कधी कधी कुंकूही काळं होतं.

आजीच्या फोटोला मला वीसेक मिनिटं लागली. आईनं तो मोठा करून बघितला आणि स्टुडिओची फ्रेम उघडून आतला फोटो बदलला.