गाडी आपली, किल्ली कंपनीची

परभणीच्या गॅरेजातील मिस्त्रीचे आज नुसत्या पान्यावर भागत नाही. इंजिनातील दोष संगणक सांगतो, आणि त्याची भाषा कंपनी आपल्याच वर्कशॉपपुरती राखू पाहते. अमेरिकेत २००९ साली अॅपलची प्रणाली आपल्या यंत्रांवर चढवून विकणाऱ्या सायस्टारविरुद्ध न्यायालयाने निकाल दिला. नकलेच्या विक्रीला मनाई असावी, याला आम्हा कामगारांची हरकत नाही; श्रमाचे मोल आम्ही जाणतो. परंतु विकत घेतलेल्या गाडीची दुरुस्ती ही काही नक्कल नव्हे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने टाटा, महिंद्रा, मारुती आदी १४ कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड ठोठावला. बौद्धिक संपदेची ढाल मानली नाही. पुढे अपिले झाली, ती होणारच! दंडाहून आम्हांस त्या हुकुमातील दुसरी गोष्ट मोलाची वाटते: सुटे भाग व तपासणीची साधने बाहेरच्या मिस्त्रीलाही मिळावीत.