काटा बदलला की वजन?

राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाचे जिल्हा अहवाल आले की धुळे आणि जळगावच्या बैठकांत पहिला प्रश्न ठरलेला असतो: आपला जिल्हा वर गेला की खाली? प्रश्न साधा आहे, पण त्याचे सरळ उत्तर देता येत नाही. कारण सर्वेक्षण घेणारी यंत्रणाच मधल्या काळात दोनदा बदलली.

१३ नोव्हेंबर २०१७ चे सर्वेक्षण एनसीईआरटीने घेतले. वर्ग तिसरी, पाचवी, आठवी. १२ नोव्हेंबर २०२१ ला प्रश्न एनसीईआरटीचेच होते, पण अंमलबजावणी सीबीएसईकडे गेली आणि दहावीही जोडली गेली. ४ डिसेंबर २०२४ ला सूत्रे ‘परख’कडे आली. वर्ग झाले तिसरी, सहावी, नववी. २०१७ चे निकाल टक्क्यांत, २०२१ चे ५०० पैकी गुणांत, २०२४ चे पुन्हा टक्क्यांत. पाचवीचा मुलगा आणि सहावीचा मुलगा एका ओळीत कसे मांडायचे?

रावेरच्या केळीबागायतदाराला हे समजावून सांगावे लागत नाही. वजनकाटा बदलला तर तोच माल दोन्ही काट्यांवर एकदा ठेवून पाहावा लागतो. परीक्षाशास्त्रातही तेच करतात: काही प्रश्न जुन्या आणि नव्या चाचणीत समान ठेवतात आणि त्यांच्या आधारे दोन मापे जोडतात. वर्ग आणि अभ्यासटप्पे दोन्ही बदलले की हा सांधा फार कमजोर होतो.

दुसरी अडचण माणसांची. हे काम गावोगावच्या शाळांत क्षेत्रीय अन्वेषक करतात, त्यांत अध्यापक विद्यालयांचे विद्यार्थीही असतात. यंत्रणा बदलली की त्यांचे प्रशिक्षण, पेट्यांची पोच, उत्तरपत्रिकांचे संकलन सगळे नव्याने बसवावे लागते. इंग्लंडने हे २००८ मध्ये भोगले. राष्ट्रीय शालेय चाचण्यांचे कंत्राट ईटीएस या अमेरिकी संस्थेकडे नव्याने गेले, निकाल रखडले, ऑगस्टमध्ये करार मोडला आणि पुढच्या वर्षीचे काम एडेक्सेलला द्यावे लागले. हीच ईटीएस २०२३ मध्ये ‘परख’ची तांत्रिक भागीदार झाली. यात वावगे काही नाही, पण जुना अनुभव करारात किती उतरला, हे विचारायला हवे.

२०२१ च्या आकड्यांवर तर माझा फारसा भरवसा नाही. ग्रामीण महाराष्ट्रात पहिली ते चौथीचे वर्ग उघडले १ डिसेंबरला, म्हणजे तिसरीची चाचणी आधी आणि शाळा नंतर! शिरपूर-चोपड्याच्या सातपुडा पट्ट्यात घरात पावरी, खाली तापीकाठी अहिराणी, आणि प्रश्नपत्रिका प्रमाण मराठीत. दीड वर्ष वर्गाबाहेर राहिलेल्या मुलाला गणित आले नाही की प्रश्नच कळला नाही, हे त्या गुणांतून कळत नाही.

तेव्हा वर्षांची तुलना बाजूला ठेवून एकाच वर्षाचा अहवाल आडवा वाचावा: धुळ्याशेजारी जळगाव आणि नंदुरबार ठेवावेत, आणि कोणती अध्ययन निष्पत्ती तिन्हीकडे कच्ची आहे ते पाहावे. तिथे काटा तरी एकच असतो.