धुऱ्यावरचे पिवळे पाखरू

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात निसर्गाची गोष्ट निघाली की माणसे लोणारच्या सरोवराकडे वळतात, फार तर ज्ञानगंगा किंवा अंबाबरवा अभयारण्याचे नाव घेतात. प्रस्तुत विषयासाठी इतके दूर जाण्याचे कारण नाही. गावाबाहेरचा पहिला धुरा पुरे. पावसाळ्यात तेथे जमिनीलगत एक लिंबाच्या रंगाचे चिमुकले फुलपाखरू भिरभिरत असते. पंखांची रुंदी ४ ते ५ सेंटिमीटर, पुढच्या पंखांना काळी किनार. १७५८ साली लिनीयस या स्वीडिश शास्त्रज्ञाने त्याला ‘हेकाबी’ हे ट्रॉयच्या राणीचे नाव दिले. राणीचे बाळंतपण मात्र तरोट्यावर!

होय, ज्याची कोवळी भाजी आपण आषाढात खातो आणि पुढे ज्याला गुरेही तोंड लावीत नाहीत, तोच हा तरोटा. मादी पानावर पाय टेकवून त्याची चव घेते; कारण फुलपाखरांची रुची पायांत असते. खात्री पटली की एका जागी एकच पांढरे, लांबट अंडे घालते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते. ती पानासारखी हिरवी असून शिरेवर अशी पडून राहते की शोधणाऱ्याची नजर हटकून चुकावी. चार वेळा कात टाकून ती कोष करते. कोषाला कमरेभोवती रेशमी धाग्याचा आधार असतो. अंड्यापासून पाखरापर्यंत सारा संसार सुमारे महिन्याभरात आटोपतो. ओल्या मातीवर बसलेले थवे बहुधा नरांचे असतात. ते तेथे क्षार शोषीत असतात.

कार्तिकात तरोटा वाळतो. मग पाखराने काय करावे? दिवस लहान होऊ लागले, गारवा पडू लागला, की त्याची चाहूल अळीला अंगोअंग लागते आणि तिच्यातून निराळ्याच वेषाचे पाखरू निघते. काळी किनार आखडते, पंखांखाली तांबूस ठिपके उमटतात. वाळल्या पानांत ते सहज खपून जाते. हे दोन वेष म्हणजे दोन जाती नव्हेत, हे ध्यानात ठेवावे.

अलीकडे धुऱ्यांवर सर्रास तणनाशक फवारले जाते. तरोटा करपला की त्यावरची अंडी-अळ्याही गेल्या. शेतकऱ्याला यातून मिळते काय? कपाशीची बोंडे पोखरणारी अळी पतंगाची असते; या पाखराची अळी कपाशीला शिवतही नाही. धुऱ्याचा एखादा कोपरा मोकळा सोडला तर पिकाचे काही बिघडत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

भर वसंतात तरोट्याचे बी मातीत निजलेले असते. परंतु बाहवा, शिरीष ही झाडेही या अळीला चालतात. तेव्हा व्याख्यानाहून परतताना नव्हे, तर सकाळी ऊन तापण्यापूर्वी, बाहव्याची कोवळी पालवी खालच्या फांदीवर निरखून पाहावी. शिरेवर डोळे बारकाईने फिरवावेत.