पहिला चीक



मी ३१ वर्षे पशुसंवर्धन हा विषय शिकवला. तरुणपणी आमच्या पाळकसाहेबांनी मला सॅम हिगिनबॉटम यांच्याविषयी सांगितले होते. १९०३ साली ते मिशनरी म्हणून भारतात आले आणि १९१० साली त्यांनी अलाहाबादला यमुनेकाठी शेतकीचे शिक्षण देणारी संस्था काढली. शेत आणि जनावरे सुधारणे हीसुद्धा प्रभूची सेवाच आहे, ही गोष्ट तेव्हापासून माझ्या मनात बसली. म्हणून निवृत्तीनंतर मी नवापूर तालुक्यातल्या पाड्यांवर आपल्या मिशनच्या कार्यकर्त्यांबरोबर जाऊ लागलो.

तिथे घराघरात बकऱ्या आहेत. आजारपण, बियाणे, मुलांची फी, सगळे बकरी विकून भागते. पण पावसाळ्यात जन्मलेली करडे पटापट मरत. एका बाईची एका मोसमात पाच करडे गेली. मी बायकांना जमवून चिकाचे महत्त्व समजावले. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या पावसाळ्यात करडे पुन्हा मेली. मला वाईट वाटले, थोडा रागही आला. प्रार्थनेत मी देवाजवळ त्या बायकांचीच तक्रार केली.

चिकाचे महत्त्व असे. माणसाच्या बाळाला आईच्या पोटात असतानाच रोगाशी लढणारी काही प्रतिद्रव्ये मिळतात. करडाला, वासराला ती पोटात मिळत नाहीत. ती असतात फक्त चिकात, म्हणजे व्याल्यानंतरच्या पहिल्या घट्ट, पिवळसर दुधात. करडाचे आतडे ही प्रतिद्रव्ये जन्मानंतर थोडेच तास जशीच्या तशी शोषून घेते. तासागणिक ही शक्ती कमी होते आणि साधारण २४ तासांत संपते. म्हणून पहिल्या तासाभरात चीक पोटात जायला हवा, आणि पहिल्या दिवसात करडाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका. दोन किलोच्या करडाला सुमारे २०० मिली.

हे सगळे मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिले होते. पण बायका चीक वेळेवर का पाजत नाहीत, हे मी कधी विचारले नव्हते.

एका रात्री त्याच बाईची बकरी व्यायला आली आणि मी तिच्या गोठ्यात बसून राहिलो. करडू जन्मले, धडपडत उभे राहिले, आचळाकडे वळले. बाईने ते उचलून टोपलीखाली ठेवले. मी विचारले, "असं का?"

ती म्हणाली, "वार पडल्याशिवाय पाजायचं नाही, सर. आधी पाजलं तर वार अडकते. माझी आई असंच करायची."

मी सांगितले की उलट आहे. करडू आचळ ओढते तेव्हा बकरीच्या अंगात एक स्राव सुटतो, त्याने पिशवी आकुंचन पावते आणि वार पडायला मदतच होते. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आणि नाही पडली तर? करडू गेलं तर एक जातं. बकरी गेली तर माझं सगळंच जातं. ते कोण भरून देणार?"

तिचा हिशोब चुकीचा नव्हता. फक्त तिला माहिती अपुरी मिळाली होती, आणि धोका तिच्या एकटीच्या डोक्यावर होता. मी म्हणालो, "बकरीला काही झालं तर पैसे मी देईन." तिने टोपली उचलली. करडू प्याले. पहाटेपूर्वी वार पडली.

एका बकरीने काही सिद्ध होत नाही, हे मीच विद्यार्थ्यांना शिकवले आहे. पण त्या बाईने शेजारणींना जे सांगितले, ते माझ्या भाषणापेक्षा जास्त लोकांनी ऐकले. आता आम्ही प्रत्येक पाड्यावर चारच गोष्टी सांगतो: करडाची नाळ आयोडीनमध्ये बुडवा. वारेची वाट न पाहता चीक पाजा. करडू कोरड्या, उंच जागी ठेवा. वार १२ तासांत पडली नाही तर ती ओढू नका, डॉक्टरांना बोलवा. शिवाय गाभण बकरीला व्यायच्या महिनाभर आधी आंत्रविषाराची लस दिली, तर तिचे संरक्षण चिकातून करडालाही मिळते.

योहानाच्या शुभवर्तमानातला उत्तम मेंढपाळाचा अध्याय मी लहानपणापासून वाचत आलो. तो मेंढपाळ कळपाजवळ असतो, लांबून सूचना देत नाही. मला हे कळायला ३१ वर्षे आणि गोठ्यातली एक रात्र लागली.

आपण पाठवता त्या मदतीतून आयोडीनच्या बाटल्या आणि लसी येतात. येत्या पावसाळ्यासाठी प्रार्थना करा. आणि आमच्यासाठीही करा, की शिकवण्याआधी आम्ही विचारायला शिकावे.

प्रभूच्या सेवेत,
आपला एक निवृत्त शिक्षक