पायांकडेही लक्ष द्या

विद्यार्थी मित्रांनो व पालकहो,

मागच्या थंडीत खो-खोच्या सरावात आपल्या शाळेतील एक मुलगी लंगडताना दिसली. विचारले तर म्हणाली, "काही नाही, मॅडम." बूट काढायला लावले तेव्हा टाचेच्या भेगेतून रक्त येत होते. संघातून नाव कमी होईल या भीतीने तिने चार दिवस दुखणे लपवले होते.

माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत भेगेला 'बिवाई' म्हणतात. ज्याच्या पायाला बिवाई फुटली नाही, त्याला दुसऱ्याची पीडा काय कळणार, अशी तिकडे म्हणच आहे. म्हणून हा विषय.

भेगा का पडतात? तळव्याच्या त्वचेत घामाच्या ग्रंथी असतात, पण तेलाच्या ग्रंथी नसतात. त्यामुळे माळव्याच्या कोरड्या थंडीत ती लवकर सुकते. वजन पडले की टाचेची गादी बाजूला पसरते. जाड, कोरडी कातडी ताणली जात नाही, ती फाटते. अनवाणी पळणे आणि मागून उघड्या चपला यांनी त्रास वाढतो.

घट्टा मात्र सततच्या दाबाने व घर्षणाने पडतो. तो त्वचेने केलेला स्वतःचा बचाव आहे. म्हणून बूट तंग असतील तर कितीही घासले तरी घट्टा परत येणारच.

काय करावे?

१. रात्री कोमट पाण्यात १० मिनिटे पाय ठेवावेत. मग वज्रीने हलकेच घासावे. भेग ओली किंवा रक्ताळलेली असेल तर घासू नये.

२. पाय पुसून लगेच व्हॅसलीन, कोकमतेल किंवा युरिया असलेले मलम लावावे आणि सुती मोजे घालून झोपावे. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवाव्यात.

३. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी. घामाने भिजलेले मोजे रोज बदलावेत.

४. घट्टा किंवा कुरूप ब्लेडने कापू नये.

घरातील आजी-आजोबांना मधुमेह असेल तर विशेष जपावे. त्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, जखम कळत नाही आणि ती चिघळते. त्यांचे तळवे रोज पाहावेत. कुरुपाच्या औषधी पट्ट्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नयेत. भेग लाल झाली, सुजली किंवा पू आला, तर कोणत्याही वयात डॉक्टरांकडेच जावे.

विश्वस्त मंडळाला विनंती, की मैदानाजवळ पाय धुण्यासाठी एक नळ बसवून द्यावा. आणि मुलांनो, दुखणे सांगितले म्हणून कोणाचेही नाव संघातून कमी होणार नाही. ती मुलगी आठ दिवस विश्रांती घेऊन परत आली आणि सामना खेळली.

आपली,
प्राचार्या